वयाची रेघ आणि जिल्ह्याची रेघ

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा वार्षिक अहवाल आला की आपल्याकडे एक ठरलेली चर्चा सुरू होते. अल्पवयीन मुलांच्या गुन्ह्यांत कोणतं राज्य पहिलं, कोणतं दुसरं, याची यादी छापून येते. २०२१च्या आकड्यांत मध्य प्रदेश पहिला होता, २०२२च्या आकड्यांत महाराष्ट्र. मग पुण्यातल्या कोयता गँगची छायाचित्रं पुन्हा बाहेर निघतात, वाहिन्यांवर चार जणांना बसवलं जातं आणि प्रश्न टाकला जातो: सतरा वर्षांचा मुलगा कोयता घेऊन रस्त्यावर उतरत असेल तर त्याला बालक का म्हणायचं? बालकाचं वय अठरावरून सोळावर आणा, नाहीतर सरळ चौदावर आणा. दुसऱ्या बाजूचा वक्ता कोवळं वय, वाईट संगत, मोबाइल यांबद्दल बोलतो. दोघांचं पटत नाही, पण एक गोष्ट दोघांनीही गृहीत धरलेली असते: सगळा प्रश्न वयाचा आहे.

माझं म्हणणं असं की हा वाद चुकीच्या रेघेवर चालला आहे. वयाची रेघ दोन वर्षं इकडे ओढली काय किंवा चार वर्षं, आज जो अन्याय होतो आहे तो तसाच राहील, कारण तो दुसऱ्याच रेघेवर होतो आहे. ती रेघ जिल्ह्याची. एकच कायदा, एकच कलम, मुलाचं वय तेच, कृत्यही तेच. पण मुलगा कुठे पकडला गेला यावर तो घरी जाणार, निरीक्षणगृहात (चौकशी संपेपर्यंत मुलांना ठेवतात त्या जागी) महिनोन्महिने राहणार की सज्ञान समजून त्याच्यावर खटला चालणार, हे ठरतं. कोणत्या प्रदेशातली मुलं जास्त गुन्हे करतात हा मथळ्याचा विषय होतो. कोणत्या प्रदेशात मुलाला कसला न्याय मिळतो, हे कुणी विचारत नाही.

आधी त्या मथळ्याकडे पाहू. २०२१ मध्ये देशात अल्पवयीनांविरुद्ध ३१,१७० प्रकरणं नोंदली गेली, २०२२ मध्ये ३०,५५५. त्याच २०२२ मध्ये देशातले एकूण दखलपात्र गुन्हे ५८ लाखांवर होते. म्हणजे दोनशे गुन्ह्यांमागे साधारण एक. ही संख्या क्षुल्लक आहे असं मी म्हणत नाही. पण ‘लाट’ हा शब्द वापरण्याआधी ती डोळ्यांसमोर असावी. आता राज्यांची तुलना. २०११च्या जनगणनेत उत्तर प्रदेशची लोकसंख्या जवळपास २० कोटी आणि महाराष्ट्राची सव्वाअकरा कोटी. तरी अल्पवयीनांच्या गुन्ह्यांची नोंद महाराष्ट्रात उत्तर प्रदेशापेक्षा कितीतरी जास्त. मराठी मुलगा उत्तर प्रदेशातल्या मुलापेक्षा कितीतरी पटींनी बिघडलेला आहे, असं कुणी मनापासून मानेल का? की महाराष्ट्रात पोलीस ठाण्यात नोंद होण्याची शक्यता जास्त आहे, शहरं जास्त आहेत, आणि तक्रार करायला लोक पुढे येतात? नोंद वाढणं आणि गुन्हे वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अशी सूचना तो अहवाल स्वतःच देतो. ती सूचना कोणत्याही मथळ्याखाली छापलेली मी पाहिली नाही.

दिल्लीचं उदाहरण असंच आहे. लाख मुलांमागे गुन्ह्यांचा दर काढला की दिल्ली वर्षानुवर्षं वरच्या जागांवर असते. पण दिल्ली म्हणजे ९७ टक्क्यांहून अधिक शहरी वस्ती. तिची तुलना आपण खेड्यापाड्यांनी भरलेल्या राज्यांशी करतो. ती तुलना मुंबई, पुणे, नागपूर, इंदूर यांच्याशी व्हायला हवी. शिवाय हा दर काढायला लागणारी मुलांची संख्या अजूनही २०११च्या जनगणनेवरून केलेल्या अंदाजावर उभी आहे. मधल्या काळात ज्या शहरांत लोंढेच्या लोंढे येऊन राहिले, तिथला दर त्यामुळे फुगलेला दिसणार आणि जिथून लोक निघून गेले तिथला दबलेला.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी कायद्याच्या लोकांना ठाऊक असते आणि चर्चेत कधी येत नाही. बालन्याय कायद्याखालच्या २०१६च्या आदर्श नियमांतला आठवा नियम सांगतो की बालकाविरुद्ध प्रथम माहिती अहवाल नोंदवायचाच नाही. अपवाद दोनच, गुन्हा अतिगंभीर (म्हणजे ज्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे असा) असेल किंवा तो सज्ञान व्यक्तीबरोबर मिळून केलेला असेल. बाकी सगळ्या बाबतींत ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करायची, मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल तयार करायचा आणि प्रकरण बाल न्याय मंडळाकडे पाठवायचं. हा नियम कुठे काटेकोरपणे पाळला जातो आणि कुठे सायकलचोरीलाही सरसकट गुन्हा दाखल होतो, यावर जिल्ह्याचा आकडा खाली-वर होणार हे उघड आहे. म्हणजे कायदा पाळणारा जिल्हा स्वच्छ दिसेल आणि न पाळणारा गुन्हेगार दिसेल. किंवा जिथे पोलीस काहीच लिहून घेत नाहीत तो सगळ्यांत स्वच्छ दिसेल. अशा आकड्यांवरून आपण मुलांच्या संस्कारांबद्दल बोलतो!

याचा अर्थ प्रादेशिक फरक सगळा कागदावरचाच आहे, असा नाही. विरुद्ध बाजूचं हे म्हणणं मला मान्य आहे: काही वस्त्यांत मुलं खरोखरच जास्त संख्येनं गुन्ह्यांकडे वळतात, आणि ते वर्षानुवर्षं होत राहतं. त्या वस्तीत राहणाऱ्या माणसाला हे सांगायला कोणताही अहवाल लागत नाही. पण मग कारण कुठे शोधायचं? क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके या दोन अभ्यासकांनी शिकागोच्या बाल न्यायालयातल्या कित्येक वर्षांच्या नोंदी घेऊन प्रत्येक मुलाचा पत्ता शहराच्या नकाशावर टिंबानं दाखवला. १९४२ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष आजही विचार करायला लावणारा आहे. शहराच्या मध्याजवळच्या, कारखान्यांना लागून असलेल्या मोडकळीच्या भागांत मुलांच्या गुन्ह्यांचा दर सतत जास्त होता. मधल्या काळात तिथले रहिवासी पार बदलले होते. आधी जर्मन आणि आयरिश, मग पोलिश आणि इटालियन, मग आणखी कुणी. माणसं बदलली, भाषा बदलली, धर्म बदलला. दर तिथेच राहिला. आणि जे लोक तिथून निघून बऱ्या वस्तीत गेले, त्यांच्या मुलांमधला दर खाली आला. म्हणजे नकाशा काहीतरी सांगतो, पण ते त्या भागातल्या माणसांच्या रक्ताबद्दल नसतं. भाड्यानं येऊन वर्षभरात निघून जाणारी कुटुंबं, शाळा सुटल्यावर मुलांना जायला नसलेली जागा, एकमेकांना न ओळखणारे शेजारी, यांबद्दल असतं.

आपण मात्र नकाशा उलटा वाचतो, आणि त्याची सवय आपल्याला जुनी आहे. १८७१च्या कायद्यानं काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. १८९७च्या दुरुस्तीनं सरकारला असाही अधिकार दिला की या जमातींतल्या चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून सुधारवसाहतीत ठेवावं. विचार करा, चार वर्षांचं मूल! सोलापूरची तारेच्या कुंपणातली वसाहत ही काही परक्या देशातली गोष्ट नाही. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. पण चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालांवर जायचं ही पद्धत रद्द झाली का? आणि पालावरचं पोर वारंवार उचललं जात असेल, तर त्या तालुक्याचा ‘अल्पवयीन गुन्हेगारीचा दर’ वाढेल की नाही? तो वाढलेला दर पुढच्या वेळी त्याच पालावर जायला कारण म्हणून दाखवला जाईल की नाही? आकडा पूर्वग्रहातून जन्मतो आणि पुढे पूर्वग्रहाचाच पुरावा होतो. मुलांबद्दलच्या प्रादेशिक यादीला म्हणूनच मी इतका घाबरतो.

आता शिक्षेकडे. बालन्यायाच्या २०१५च्या कायद्यात ‘शिक्षा’ हा शब्द मुलांसाठी वापरायचं शक्यतो टाळलं आहे आणि तसं असणं योग्यच आहे. कलम १८ मध्ये मंडळापुढे मोठा पट मांडलेला आहे: समज देऊन सोडणं, समुपदेशन, समाजसेवा, पालकांना दंड, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर परिविक्षेवर, म्हणजे देखरेखीखाली, सोडणं, आणि शेवटी जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृह. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतली किमान एक महिला. जामीन हा नियम आहे, नाकारणं हा अपवाद. चौकशी चार महिन्यांत संपवायची, फार तर दोन महिने वाढवून मिळतात. कायदा वाचताना वाटतं, याहून समजूतदार व्यवस्था कोणती असणार?

मग हा पट जिल्ह्यात उतरतो. एका जिल्ह्यात परिविक्षा अधिकारी आहे, तो मुलाच्या घरी जातो, शाळेत जातो, बापाच्या दारूबद्दल आणि आईच्या कामाच्या वेळांबद्दल दोन पानं लिहितो. मंडळाला निवड करायला आधार मिळतो. शेजारच्या जिल्ह्यात ते पद रिकामं आहे किंवा एकाच माणसावर तीन कामं आहेत. अहवाल म्हणून छापील नमुन्यात गाळलेल्या जागा भरून येतात आणि ‘मुलगा वाईट संगतीत आहे’ एवढं एक वाक्य सगळ्या मुलांसाठी पुरतं. एका ठिकाणी समाजसेवेचा आदेश द्यायला रुग्णालय, ग्रंथालय, संस्था तयार आहेत; दुसरीकडे असा आदेश दिला तर मुलाला पाठवायचं कुठे, याचंच उत्तर नाही. कायद्यातल्या बहुतेक वाटा तिथे बंद. उरतात दोन: घरी जा किंवा आत जा. दंडाधिकाऱ्याचं मन कितीही मोठं असलं तरी हातात साधनंच नसतील तर तो काय निवडणार?

आणि या सगळ्याच्या वर कलम १५ आहे. मुलगा सोळा ते अठरा वर्षांचा असेल आणि गुन्हा अतिगंभीर असेल, तर मंडळानं तीन महिन्यांत प्राथमिक मूल्यांकन करायचं. हे कृत्य करण्याची त्याची शारीरिक व मानसिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि कृत्य घडलं ती परिस्थिती. त्यावरून ठरणार की प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवून त्याच्यावर सज्ञान म्हणून खटला चालवण्याचा मार्ग मोकळा करायचा की नाही. परिणाम समजण्याची कुवत! काही महिन्यांपूर्वीच्या एका संध्याकाळी एका सतरा वर्षांच्या मुलाच्या मनात परिणामांची जाणीव किती होती, हे आज कुणी कसं मोजायचं? गुरुग्रामच्या एका शाळेतल्या २०१७च्या खुनाच्या प्रकरणात हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. १३ जुलै २०२२च्या निकालात न्यायालयानं सांगितलं की हे मूल्यांकन नाजूक काम आहे, आणि मंडळात त्या विषयाचा जाणकार नसेल तर मानसशास्त्रज्ञाची मदत घेणं ऐच्छिक मानता येणार नाही. उत्तम. पण तो मानसशास्त्रज्ञ प्रत्येक जिल्ह्यात आहे का? जिथे आहे तिथे तो मुलाला कितीदा भेटतो, किती वेळ बोलतो, कोणत्या भाषेत बोलतो? कोरकू किंवा भिली बोलणाऱ्या मुलाची ‘समजण्याची कुवत’ मराठीतल्या प्रश्नावलीनं अर्ध्या तासात मोजली, तर ती त्याची कुवत मोजली जाते की आपली?

पुण्यातल्या कल्याणीनगरची १९ मे २०२४ची पहाट इथे आठवल्याशिवाय राहणार नाही. भरधाव गाडीनं दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला आणि गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला त्याच दिवशी जामीन मिळाला. अटींमध्ये अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध होता. लोक संतापले. तो संताप खरा होता, आणि जे दोघे गेले त्यांच्या आईबापांपुढे निबंधाचं समर्थन मी कधीच करणार नाही. पण त्या संतापातून आपण काय शिकलो? वय कमी करा, एवढंच. प्रत्यक्षात तिथे बिघडलं होतं ते वेगळंच. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. जामिनाचा आदेश काही दिवसांत बदलून मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं गेलं आणि २५ जून २०२४ला उच्च न्यायालयानं ते बेकायदा ठरवून त्याला सोडलं. पुढे, जुलै २०२५ मध्ये, त्याला सज्ञान समजून खटला चालवण्याची पोलिसांची मागणी मंडळानं फेटाळली. यातलं शेवटचं अनेकांना धक्कादायक वाटलं, पण त्यामागे कायद्याची एक सरळ बाब होती. ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे तोच अतिगंभीर, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केलं होतं आणि सदोष मनुष्यवधाला तशी किमान शिक्षा नव्हती.

आता याच व्याख्येची दुसरी बाजू पाहा. सतरा वर्षांचा मुलगा आणि सोळा वर्षांची मुलगी पळून जातात. मुलीचे वडील तक्रार देतात. पोक्सो कायद्यानुसार, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यानुसार, अठराखालच्या मुलीच्या संमतीला अर्थ नाही, आणि शरीरसंबंध झाला असेल तर किमान शिक्षा दहा वर्षं. म्हणजे हा मुलगा ‘अतिगंभीर’ गुन्ह्यातला, कलम १५च्या दारात उभा. दोन माणसं गाडीखाली गेली ते प्रकरण त्या दारापर्यंत पोहोचत नाही, आणि पळून गेलेलं पोर पोहोचतं! ज्या भागात मुलीनं जातीबाहेर पाऊल टाकलं की घरचे पोलीस ठाणं गाठतात, त्या भागात मुलांच्या ‘अतिगंभीर’ गुन्ह्यांचा आकडा किती वाढत असेल? वय सोळावर आणण्याची मागणी करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कोयता असतो. जाळ्यात सापडणाऱ्यांत हे पोरही असेल, हे त्यांना कुणी सांगत नाही.

माझ्या विरोधातला सगळ्यांत जड मुद्दा टोळ्यांचा आहे आणि तो मी टाळणार नाही. शिक्षा कमी म्हणून टोळीचे म्होरके मुद्दाम अल्पवयीन मुलांना पुढे करतात, हे पोलीस सांगतात आणि त्यात तथ्य आहे. पकडल्या जाणाऱ्या मुलांत सोळा ते अठरा वयोगटाचा वाटा सर्वांत मोठा आहे, हेही खरं. पण या युक्तिवादातच त्याचं उत्तर दडलेलं आहे. मूल वापरलं जात असेल तर वापरणारा कोण? बालन्याय कायद्याचं कलम ८३ त्याच्यासाठीच आहे: बालकाचा बेकायदा कामासाठी वापर करणाऱ्या सज्ञान माणसाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांचा दंड. कोयत्याच्या प्रत्येक प्रकरणात हे कलम लावून म्होरक्यापर्यंत जाण्याचा आग्रह किती वेळा ऐकू आला? वय सोळावर आणलं तर म्होरके पंधराचा मुलगा शोधतील. चौदावर आणलं तर तेराचा. या शर्यतीत आपण कधीच पुढे जाऊ शकत नाही. आपण फक्त दरवेळी आणखी लहान मूल त्यांच्या हाती देऊ.

कडक शिक्षेनं धाक बसतो, असं म्हणणाऱ्यांसाठी अमेरिकेतला अनुभव समोर आहे. १९९०च्या दशकात तिथे मुलांच्या हिंसेची भीती इतकी वाढली की जवळजवळ सगळ्या राज्यांनी मुलांना प्रौढांच्या न्यायालयात पाठवणं सोपं केलं. २००७ मध्ये तिथल्या रोगनियंत्रण केंद्रानं नेमलेल्या तज्ज्ञगटानं उपलब्ध अभ्यास तपासले. निष्कर्ष असा की प्रौढांच्या व्यवस्थेत पाठवलेली मुलं बालव्यवस्थेत राहिलेल्या मुलांपेक्षा पुढे अधिक हिंसक गुन्हे करतात. कारण समजायला फार शोध लागत नाही. सतराव्या वर्षी ज्याला वीस वर्षं मुरलेल्या माणसांच्या शेजारी झोपायला लावलं, तो बाहेर येताना काय शिकून येणार? दिल्लीतल्या डिसेंबर २०१२च्या अत्याचारानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीपुढेही ही मागणी आली होती. देश पेटलेला असताना समितीनं वय कमी करायला नकार दिला. तीन वर्षांनी, त्या प्रकरणातला अल्पवयीन मुलगा २० डिसेंबर २०१५ला सुटला आणि २२ डिसेंबरला राज्यसभेनं नवा कायदा मंजूर केला. दोन दिवस! समितीचं शांतपणे लिहिलेलं पान त्या दोन दिवसांत वाहून गेलं.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे आणि तो माझ्याच बाजूचे लोक घेतात. ते म्हणतात, प्रत्येक मूल वेगळं, म्हणून निकालही वेगळे असणार. सगळीकडे सारखंच व्हावं असा हट्ट धरला तर शिक्षेचं कोष्टक तयार होईल आणि बालन्यायाचा आत्माच जाईल. मला हे पूर्ण पटतं, पण वेगळेपण कशातून येतं हे पाहिलंच पाहिजे. एक मुलगा घरी गेला कारण त्याची आजी खमकी आहे आणि शाळा त्याला परत घ्यायला तयार आहे. दुसरा विशेष गृहात गेला कारण घर हेच त्याचं संकट आहे. हा फरक मुलातून आला. एक घरी गेला कारण मंडळाची बैठक रोज होते. दुसरा चार महिने आत राहिला कारण बैठक आठवड्यातून एकदा होते. हा फरक मुलातून आलेला नाही. अमेरिकी कायदेतज्ज्ञ बॅरी फेल्ड यांनी १९९१ मध्ये मिनेसोटा राज्यातल्या बाल न्यायालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा एकाच कायद्याखाली शहरी न्यायालयं मुलांना अधिक कडक वागवत होती आणि ग्रामीण न्यायालयं सौम्य, असं दिसलं. त्यांनी त्याला भूगोलाचा न्याय म्हटलं. आणि ग्रामीण न्यायालयांची सौम्यता तरी प्रत्येक वेळी विश्वासार्ह असते का? गावकीच्या ओळखीवर चालणारा मायाळू न्याय ओळख नसलेल्याला काय देतो, हे १९६४ मध्ये ॲरिझोनात दिसलं. पंधरा वर्षांच्या जेराल्ड गॉल्टला फोनवर अश्लील बोलल्याच्या आरोपावरून एकविसाव्या वर्षापर्यंत सुधारगृहात धाडलं गेलं. हेच प्रौढानं केलं असतं तर फार तर ५० डॉलर दंड किंवा दोन महिने कैद. तक्रारदार बाई न्यायाधीशांसमोर आल्याच नव्हत्या. १९६७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. मुलाच्या भल्याच्या नावाखाली त्याचे हक्क बुडवता येत नाहीत, हे तेव्हा पहिल्यांदा ठणकावून सांगितलं गेलं.

आपल्याकडे तर हा सगळा प्रपंच उभाच राहिला तो प्रादेशिक विषमता संपवण्यासाठी, आणि हे आपण विसरलो आहोत. मद्रासचा मुलांचा कायदा १९२०चा, बंगालचा १९२२चा, मुंबईचा १९२४चा. मुंबईत १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी उभी राहिली. डोंगरीच्या ज्या तुरुंगात १८८२ मध्ये टिळक-आगरकरांनी १०१ दिवस काढले, तिथे पुढे मुलांचं निरीक्षणगृह झालं. तुरुंगाची इमारत आणि मुलांचं घर एकच, हे आपल्या व्यवस्थेचं सगळ्यांत नेमकं चित्र आहे. पण हे प्रगत प्रांतांपुरतं. स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षं प्रत्येक राज्याचा कायदा निराळा, मुलाची व्याख्या निराळी, आणि काही ठिकाणी तर मुलं सरळ तुरुंगात. पत्रकार शीला बारसे यांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला आणि १९८६ मध्ये न्यायालयानं सुचवलं की राज्याराज्यांच्या कायद्यांऐवजी संसदेनं एकच कायदा करावा, म्हणजे देशभर एकसारखेपणा येईल. त्याच वर्षी पहिला देशव्यापी बालन्याय कायदा झाला. त्याला चार दशकं होत आली. कायदा एक झाला. न्याय अजून जिल्ह्याजिल्ह्यात वेगळाच आहे.

किती वेगळा? इंडिया जस्टिस रिपोर्टच्या अभ्यासकांनी माहिती अधिकाराखाली आकडे गोळा केले. ऑक्टोबर २०२३अखेर ३६२ मंडळांपुढच्या एक लाखाहून थोड्या अधिक प्रकरणांपैकी ५५ टक्के प्रलंबित होती. ओडिशात प्रलंबित प्रकरणं ८३ टक्के, कर्नाटकात ३५. चौकशी चार महिन्यांत संपवण्याची मुदत दोन्हीकडे सारखीच आहे. दर चार मंडळांमागे जवळपास एका मंडळात तिघांची पूर्ण बैठकच नव्हती. हे आकडे माहिती अधिकारातून काढावे लागले, याकडेही लक्ष द्या. तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात किती दावे पडून आहेत हे राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवर कुणालाही घरबसल्या दिसतं. मुलांच्या मंडळांचं तसं काहीच दिसत नाही. मुलाची ओळख गुप्त ठेवायला बालन्याय कायद्याचं कलम ७४ सांगतं आणि ते पाळलंच पाहिजे. पण नावं न सांगता आकडे सांगायला ते कलम कुठेही आडवं येत नाही.

पीडितांचं काय, असं मला विचारलं जाईल. विचारलंच पाहिजे. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घराला मारणाऱ्याचं वय सतरा होतं यानं कसलाही दिलासा मिळत नाही, आणि त्यांना बालमनाची व्याख्यानं ऐकवणं हा दुष्टपणा आहे. पण चौकशी तीन-तीन वर्षं रेंगाळते तेव्हा साक्षीदार पांगतात, पीडित कुटुंब तारखांना जाऊन थकतं, आणि मुलगा एकविसाव्या वर्षी दाढी वाढवून मंडळापुढे उभा राहतो. सुधारणा व्हायचं वय निघून गेलेलं असतं, जाब द्यायची वेळही निघून गेलेली असते. वेळेत संपलेली चौकशी ही पीडिताची आणि मुलाची, दोघांचीही गरज आहे. वय कमी केल्यानं त्यातला एक दिवसही वाचत नाही.

महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींची कथा आहे. न केलेल्या चोरीसाठी राजानं त्यांना सुळावर चढवलं. पुढे त्यांनी धर्माला विचारलं, हे कोणत्या पापाचं फळ? धर्म म्हणाला, लहानपणी तू किड्यांच्या शेपटीत काड्या खुपसल्या होत्यास. मांडव्य संतापले, धर्माला शाप दिला आणि मर्यादा घातली की चौदा वर्षांपर्यंत केलेल्या कृत्याला पाप धरायचं नाही. वय चौदावर आणा म्हणणाऱ्यांना ही कथा सोयीची वाटेल, हे मी जाणून आहे. पण मांडव्यांची तक्रार वयापाशी थांबत नाही. एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा कोणत्या हिशेबानं दिलीस, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. धर्मापाशी त्याचं उत्तर नव्हतं.

तोच प्रश्न आपल्या जिल्ह्याला विचारता येतो, आणि त्यासाठी वाहिनीवर बसावं लागत नाही. जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयाकडे माहिती अधिकाराचा साधा अर्ज करता येतो. बाल न्याय मंडळाची बैठक गेल्या वर्षी किती दिवस झाली? त्यांतल्या किती दिवशी तिन्ही सदस्य हजर होते? परिविक्षा अधिकाऱ्यांची मंजूर पदं किती आणि भरलेली किती? कलम १५खाली किती मुलांचं मूल्यांकन झालं, त्यांपैकी किती जणांना बाल न्यायालयाकडे पाठवलं आणि किती प्रकरणांत मानसशास्त्रज्ञानं मुलाची प्रत्यक्ष भेट घेतली? कोणाही मुलाचं नाव विचारायचं नाही. दहा रुपयांचा अर्ज आहे आणि उत्तर द्यायला कायद्यानं तीस दिवस दिलेले आहेत.